दहापैकी सहाची शाळा आणि सहाच्या आत घर: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली, मग रात्री नवऱ्यालाही वाचून दाखवली. न्यू जर्सीत घर शोधताना आम्ही भारतीय वस्तीच्या एडिसनचा नाद सोडून मिश्र वस्तीच्या मेपलवूडला का आलो, हे मी लिहिलं होतं. त्यावर तुमचे तीन आक्षेप आहेत. दहापैकी नऊ गुणांची शाळा सोडून सहा गुणांच्या शाळेत मुलीला घालणं म्हणजे तिच्या आयुष्याशी खेळ. वर त्याच शाळेसाठी एवढा प्रॉपर्टी टॅक्स भरायचा. आणि 'सगळ्या प्रकारच्या लोकांत राहणं' लिहायला छान वाटतं, पण आपली माणसं जवळ असण्याची किंमत अडीअडचणीला कळते. शेवटी तुम्ही लिहिलंय की माझा लेख वाचून तुमचा धाकटा भाऊ इकडे घरं बघायला लागलाय, त्याचं नुकसान झालं तर जबाबदार कोण? या एका वाक्यामुळे मी सविस्तर लिहितेय. हे त्यालाही दाखवा.

आधी तो आकडा. झिलो किंवा रेडफिन या घरविक्रीच्या साइटवर घराच्या फोटोंखाली शाळेचा जो दहापैकी आकडा दिसतो, तो ग्रेटस्कूल्स नावाची संस्था काढते, आणि त्याचा मोठा आधार म्हणजे राज्याच्या परीक्षांचे निकाल. तिसरीतलं मूल पहिल्यांदा त्या परीक्षेला बसतं, तेव्हा पेपरात शाळेने शिकवलेलं उतरतं तसं घरात मिळालेलंही उतरतं. आई-वडील दोघे इंजिनियर, रात्री झोपताना गोष्टीचं पुस्तक, शनिवारी गणिताची शिकवणी. अशी घरं ज्या गावात जास्त, तिथला आकडा मोठा येणारच. २०२० साली या संस्थेने सूत्र बदलून मुलांच्या वर्षभराच्या प्रगतीला जास्त वजन दिलं, तेव्हा अनेक शाळांचे आकडे बदलले. शिक्षक तेच, वर्ग तेच, मुलंही तीच.

म्हणून मी तो आकडा बाजूला ठेवून न्यू जर्सीच्या शिक्षण खात्याचे अहवाल काढले. दरवर्षी प्रत्येक सरकारी शाळेचा अहवाल निघतो आणि तो कुणालाही बघता येतो. त्यात 'स्टुडंट ग्रोथ' म्हणून एक रकाना असतो. आधीच्या परीक्षेत ज्यांचे गुण सारखेच होते अशा राज्यभरच्या मुलांच्या तुलनेत या शाळेतलं मूल किती पुढे गेलं, हे तो सांगतो. ५० म्हणजे मधोमध. मुलीची चारेघी वही घेऊन मी तीन रात्री बसले. डावीकडे गाव, मग साइटवरचा आकडा, मग हा ग्रोथचा आकडा, आणि शेवटी दहा टक्के किंवा त्याहून जास्त दिवस गैरहजर राहणाऱ्या मुलांचं प्रमाण. आमच्या यादीतल्या एका नऊवाल्या शाळेचा ग्रोथचा आकडा पन्नाशीच्या खाली निघाला आणि सहावाल्या एका शाळेचा चांगला वर. निर्णय त्या वहीवरून झाला. याला तुम्ही 'आदर्शवाद' म्हणालात ते मला लागलं, कारण यात भावनेपेक्षा आकडेमोडच जास्त होती.

आता तुमचं जे बरोबर आहे ते. हायस्कूलबद्दल मी लेखात फार गुळगुळीत लिहिलं. मेपलवूड आणि शेजारचं साउथ ऑरेंज मिळून एकच हायस्कूल आहे, कोलंबिया. गायिका लॉरिन हिल तिथे शिकली हे मी कौतुकाने लिहिलं. पण २०१४ साली केंद्रीय शिक्षण खात्याच्या नागरी हक्क विभागाने याच डिस्ट्रिक्टशी, म्हणजे दोन्ही गावांच्या शाळा चालवणाऱ्या यंत्रणेशी, करार केला होता, हे लिहायला हवं होतं. वरच्या पातळीच्या आणि ए.पी.च्या (कॉलेजच्या तोडीच्या विषयांच्या) वर्गांत कृष्णवर्णीय मुलं फार कमी दिसत होती, म्हणून तो करार झाला. म्हणजे इमारतीत सगळे एकत्र, पण घंटा वाजली की वर्ग वेगवेगळे. आमची मुलगी सहावीत आहे. ज्या कारणासाठी आम्ही इथे आलो ते तिच्या वर्गात खरोखर दिसतं का, हे मला गावाच्या लोकसंख्येच्या तक्त्यावरून कळणार नाही, गणिताच्या वर्गाच्या दारात उभं राहूनच कळेल. ही त्रुटी तुमच्यामुळे लक्षात आली, मूळ लेखात भर घालते.

भावाचं मूल तीन वर्षांचं आहे म्हणता, तर त्याच्यासाठी एक महत्त्वाची गोष्ट. इथे घराच्या कोपऱ्यावरची प्राथमिक शाळा आपोआप आपली होत नाही. २०२१ पासून बालवर्गाच्या मुलांची वाटणी अशी करतात की प्रत्येक शाळेत साधारण सारख्या मिळकतीच्या मिश्रणाची घरं यावीत. मला हे पटतं. पण शाळा खिडकीतून दिसते म्हणून कुणी घराला जास्त पैसे मोजणार असेल, तर त्याने थांबावं.

पैशाबद्दल तुमच्याशी वाद नाही. आमचा टॅक्स वर्षाला १९ हजार डॉलर आहे, म्हणजे महिन्याला जवळपास १,६००. फेब्रुवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबर, या महिन्यांच्या १ तारखेला तिमाही हप्ता. गृहकर्जाचा व्याजदर तीस वर्षांसाठी बांधून घेता येतो, हा टॅक्स बांधता येत नाही. गावाने एकूण गोळा करायच्या रकमेवर वर्षाला २ टक्के वाढीची मर्यादा २०१० च्या कायद्याने आली खरी, पण तिला अपवाद आहेत, आणि फेरमूल्यांकन झालं की एखाद्या घराचं बिल एकदम उडी मारतं. मागच्या मालकाचं बिल बघून महिन्याचं गणित मांडणारे फसतात. आम्ही ते घराच्या नव्या किमतीवर मांडलं, आणि त्यामुळेच आवडलेलं चार खोल्यांचं घर सोडून तीन खोल्यांचं घेतलं. मुलीला माडीवरची खोली हवी होती, तिची ती रुखरुख अजून आहे.

पण खर्च एकट्या टॅक्सचा धरू नका. आम्हाला दुसरी कार लागली नाही, आणि इथे मी प्रवासावर येते.

तुमचं म्हणणं, एडिसनजवळच्या मेट्रोपार्क स्टेशनहूनही न्यूयॉर्कची रेल्वेगाडी आहेच. आहे, आणि चांगली आहे. १९९६ पासून आमच्या मार्गावरच्या गाड्याही नदीच्या अलीकडच्या होबोकनला न बदलता थेट न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनला जातात. तुमची आणि आमची गाडी हडसन नदीखालच्या त्याच बोगद्यातून जाते. तो १९१० चा आहे, दोनच रूळमार्ग, २०१२ च्या सँडी वादळात त्यात खारं पाणी शिरलं होतं. बोगदा अडला की दोघेही अडकणार. फरक पडतो तो स्टेशनपासून घरापर्यंत. माझ्या मुलीचं आफ्टरकेअर, म्हणजे शाळा सुटल्यावरचं पाळणाघर, सहाला बंद व्हायचं, आणि पहिल्या भाड्याच्या घरात असताना मी पाच-पस्तीसला गाडीतून उतरून पार्किंगच्या तिसऱ्या मजल्यावर जायचे, बाहेर पडायला रांग, मग रस्त्यावरचे सिग्नल. सहा वाजून नऊ मिनिटांनी पोचले त्या दिवशी ती बूट घालून, दप्तर पाठीला लावून, दाराच्या काचेला नाक टेकवून उभी होती. बाकी सगळी मुलं गेली होती. आता मी स्टेशनवरून बारा मिनिटं चालत घरी येते. माझे बाबा डोंबिवलीहून व्ही.टी.ला जायचे आणि आमचा अभ्यास झाल्यावर घरी यायचे. रविवार सोडला तर त्यांच्याशी बोलणं म्हणजे ताटावरचं बोलणं. शाळेच्या आकड्यातले तीन गुण मी कशाला दिले असं तुम्ही विचारलंत, तर ते रोजच्या या तासाला दिले.

आपल्या माणसांबद्दल. घर बघायला निघालो तेव्हा पहिल्याच ओपन हाउसला नवऱ्याने रिअल्टर (घरांच्या दलाल) बाईंना विचारलं, इथे इंडियन किती आहेत? त्या हसल्या आणि म्हणाल्या, ते मी सांगू शकत नाही. १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्यामुळे दलालाला वंश बघून गिऱ्हाइकाला कुठल्या वस्तीकडे वळवता येत नाही. त्या कायद्यामागे काय घडलं होतं हे मी नंतर वाचलं. 'कृष्णवर्णीय कुटुंबं येताहेत, किंमत पडायच्या आत विका' असं घाबरवून गोऱ्यांची घरं स्वस्तात घ्यायची आणि महाग विकायची, असा धंदाच होता. जवळच्या नेवार्क शहराभोवतीची गावंच्या गावं अशी पालटली. ते आपल्याकडे होऊ नये म्हणून मेपलवूड आणि साउथ ऑरेंजच्या रहिवाशांनी १९९६ साली संघटना उभी केली, ती अजून काम करते. मिसळून राहणं इथे आपोआप टिकलेलं नाही, आणि आता घरांच्या किमतीच इतक्या वाढल्यात की मध्यम मिळकतीची कृष्णवर्णीय कुटुंबं त्यामुळे बाहेर पडताहेत. त्यात आमच्यासारख्यांनी मोजलेल्या किमतीचाही भाग आहे, हे मी नाकारत नाही.

एका बाबतीत मात्र तुमच्या भावाने माझं ऐकू नये. त्याचे, म्हणजे तुमचेच, आई-बाबा दरवर्षी सहा महिने येऊन राहणार आहेत असं तुम्ही लिहिलंय. माझी आई गेल्या वर्षी आली तेव्हा आम्ही दोघं कामावर, मुलगी शाळेत, आणि ती दिवसभर खिडकीशी. शेजारच्या आजी फार प्रेमळ, रोज हात करायच्या, पण दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. शनिवारी तिला एडिसनकडच्या ओक ट्री रोडला, भारतीय दुकानांच्या रस्त्यावर, घेऊन गेले. भाजीच्या दुकानात कुणीतरी मागून 'अहो, ही गवार कोवळी आहे का हो?' असं विचारलं, आणि ती तिथेच वीस मिनिटं बोलत उभी राहिली. परतताना गाडीत म्हणाली, पुढच्या वेळी तीनच महिने येईन.

भावाला ही गोष्ट सांगा. आई-बाबांचे सहा महिने नक्की असतील, तर त्याने आधी एडिसनमध्ये स्टेशनपर्यंत चालत जाता येईल असं घर शोधावं. तरीही इकडेच यायचं ठरलं, तर एखाद्या बुधवारी त्याने संध्याकाळची गाडी पकडून मेपलवूडला उतरावं. मी स्टेशनवर भेटेन आणि चालत घरी नेईन. ती वही अजून माझ्याकडे आहे.