अंधार राखणे हीसुद्धा स्वच्छताच

काल जेमिनिड उल्कावर्षावाची रात्र होती आणि इंदूर बायपासजवळच्या एका मॅरेज गार्डनने आकाशात फिरणारे प्रखर झोत पहाटेपर्यंत चालू ठेवले. धनुर्मासाआधी लग्ने उरकायची असतात, हे मान्य. पण पाहुणे जेवून घरी गेल्यावरही तो झोत कशासाठी? फोन केला, तर व्यवस्थापक म्हणाले, "पार्टीने पैसे भरले आहेत." संताप आला.

18 नोव्हेंबर 2001 च्या रात्री बाबा आम्हाला लिओनिड उल्कावर्षाव पाहायला इंदूरजवळच्या जानापावच्या टेकडीवर घेऊन गेले होते. मध्यरात्रीनंतर सिंह रास क्षितिजावर येऊ लागली आणि पूर्वेकडून निघालेल्या लांबच लांब उल्का थेट डोक्यावरून पश्चिमेकडे जाऊ लागल्या. टेंपल-टटल धूमकेतूने मागे सोडलेले ते बारीक कण, सेकंदाला 71 किलोमीटर वेगाने येऊन सुमारे शंभर किलोमीटर उंचीवर जळणारे! एका उल्केची हिरवट रेघ तर कितीतरी वेळ तशीच राहिली आणि वरच्या वाऱ्याने हळूहळू नागमोडी झाली. बाबा वहीत मोजणी करत होते. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

त्याच रात्री खालच्या वस्तीतले एक आजोबा कंदील घेऊन चौकशीला आले होते. बाबांनी विनंती करताच त्यांनी वात खाली केली आणि आमच्याच सतरंजीवर बसून पहाटेपर्यंत आकाश पाहिले. त्यांना काही समजावून सांगावे लागले नाही.

आपले इंदूर 2017 पासून स्वच्छतेत सतत अग्रेसर आहे. ओला कचरा, सुका कचरा आपण न सांगता वेगळा करतो. मग वर वाया जाणारा उजेड आपल्याला घाण का वाटत नाही? रात्री कामावरून परतणाऱ्या मुलींसाठी रस्त्यावर दिवे हवेतच, त्यात वाद नाही. पण ते खाली, रस्त्यावर पडू देत. दिव्याला वरून झाकण लावायला असा कितीसा खर्च येतो?

ऑगस्टमधल्या पर्सिड उल्का माळव्याच्या ढगांत जातात. आपल्या वाट्याला उरतात त्या हिवाळ्यातल्या मोजक्या रात्री. टेंपल-टटल 2031 साली पुन्हा सूर्याजवळ येईल, तेव्हा माझ्या भाचीला मी जानापाववर नेणार आहे, आणि आजोबांनी आम्हाला दिला तसा अंधार तिला मिळावा, एवढीच इच्छा आहे.

रात्री अकरानंतर आकाशाकडे झोत सोडण्यास मनाई करावी, असा अर्ज मी महापालिकेला लिहिला आहे. रविवारी सकाळी सह्यांसाठी घरी या. चहा-पोहे आहेतच.