द्रावा, अप्पू आणि तुमचे आक्षेप

नमस्कार,

आशियाई क्रीडा स्पर्धांच्या शुभंकरांवरील माझ्या लेखाविषयी तुम्ही सविस्तर आणि सडेतोड लिहिलेत, याबद्दल आभार. इंडोनेशियाने २०१८ च्या स्पर्धेसाठी आधी निवडलेला ‘द्रावा’ मागे घेतला हे योग्यच झाले, असे मी म्हटले होते. त्यावर, समाजमाध्यमांवरील टवाळीपुढे आयोजकांनी मान तुकवली आणि मी त्या टवाळखोरांचीच तळी उचलली, असे तुमचे म्हणणे आहे. शिवाय १९८२ च्या दिल्लीतील स्पर्धेचा शुभंकर असलेल्या अप्पू या हत्तीच्या पिल्लाविषयी मी नुसता गहिवर काढला, असाही तुमचा आक्षेप आहे. हा दुसरा आक्षेप मला मान्य आहे, पहिला नाही.

द्रावा म्हणजे बर्ड ऑफ पॅरडाइज. या पक्ष्याला तिकडे ‘चेंद्रवासिह’ म्हणतात आणि द्रावा हे त्याच नावातून काढलेले. डिसेंबर २०१५ मध्ये तो लोकांसमोर आला, तेव्हा ‘ही तर कोंबडी!’ असा सूर उमटला. तुम्हाला ती टवाळी वाटते, मला मात्र ते नेमके निरीक्षण वाटते. या पक्ष्याच्या नराचे सारे वैभव त्याच्या कुशीतून फुटणाऱ्या, पिवळ्यापासून पांढुरक्यापर्यंत उतरत जाणाऱ्या लांब आणि तलम पिसांत असते. ती नसलेली मादी साधी तपकिरी दिसते. शुभंकराच्या गोलमटोल अंगावर हा पिसारा उभा करणे अवघडच, आणि तो ठसला नाही की चोच आणि पंख असलेला कुठलाही पक्षी तेवढा उरतो. पुढे २०१६ मध्ये हाच पक्षी ‘भिनभिन’ होऊन परत आला आणि स्पर्धा संपेपर्यंत टिकला, यावरून लोकांची तक्रार पक्ष्याविषयी नसून रेखाटनाविषयी होती, हे दिसतेच.

कलाकृतीचा निवाडा बहुमताने करू नये, हे तुमचे म्हणणे चित्रकाराच्या दालनापुरते मी मान्य करीन. शुभंकराचे काम वेगळे असते. त्याच्या जाडजूड पोशाखात घामाघूम झालेला कोणीतरी माणूस मैदानाच्या कडेने हात हलवत फिरतो आणि शेवटच्या रांगेतील मुलाने त्याला क्षणात ओळखायचे असते. तिथे ओळख पटली नाही, तर सोबत जोडलेले खुलासापत्रक कोण वाचणार?

एका मुद्द्यावर मात्र तुम्ही मला विचारात पाडलेत. द्रावाच्या जागी एक नव्हे, तर भिनभिन पक्षी, अतुंग हरीण आणि काका गेंडा असे तिघे आले. ‘भिन्नेका तुंगल इका’, म्हणजे भिन्न असूनही एकच, या इंडोनेशियाच्या राष्ट्रीय बोधवाक्याचे तीन तुकडे करून ही नावे बेतली आहेत, ही कल्पना मला आजही आवडते. (त्यातला ‘भिन्न’ आपल्या ओळखीचा आहे, आणि गेंडा तर मराठी माणसाला नात्यातलाच वाटावा.) तरीही तिघांमध्ये लक्ष विभागले जाते, आणि सर्वांना सामावून घेण्याच्या नादात एकही चेहरा मनात ठसत नाही, हे तुमचे निरीक्षण खरे आहे. २०१० मध्ये चीनमधल्या ग्वांगजोने तर पाच बोकड उभे केले होते. चीनमध्येच पुढे झालेल्या हांगजोच्या स्पर्धेतील तीन यंत्रमानवांनी प्राण्यांची चाकोरी मोडली, हे तुम्ही लिहिले आहे; पण तेही तिघेच!

आता अप्पू. तो एकटा होता, म्हणून लक्षात राहिला, इतकेच सांगून मी थांबलो आणि त्या आठवणीत रमलो. त्या स्पर्धेचे ‘एशियाड’ हे नाव आपल्याकडे एसटीच्या निमआराम गाडीला चिकटले, दिल्लीत १९८४ मध्ये ‘अप्पू घर’ हे मनोरंजन उद्यान उभे राहिले, हे सगळे मी हौसेने लिहिले. परंतु ज्याच्या रूपाने हे चित्र लोकांसमोर वावरले, त्या केरळच्या हत्तीच्या पिल्लाचे पुढे काय झाले, याविषयी अवाक्षर काढले नाही. त्याचे नाव कुट्टीनारायणन. सात वर्षांचा असताना मैल्याच्या टाकीत पाय जाऊन त्याचा पाय मोडला. त्यातून तो पुरता सावरला नाही आणि मे २००५ मध्ये मरण पावला. चित्रातला अप्पू लहानच राहिला, म्हणून खऱ्या अप्पूचे मोठे होणे आणि लंगडत जगणे माझ्या लेखातून गळले, ही चूक पदरात घेतो.

मूळ लेखातील ‘अप्पू आजही तसाच हसतो आहे’ हे वाक्य मी आज काढून टाकले आहे आणि त्या जागी कुट्टीनारायणनविषयीच्या याच चार ओळी घातल्या आहेत.