१७ सप्टेंबरबद्दल, आणि त्या मिरच्यांबद्दलही

नमस्कार काका. माझ्या चिलेस एन नोगादाच्या लेखावर ‘मेक्सिकोच्या स्वातंत्र्यदिनाला मित्रमंडळी जमवून भरल्या मिरच्या करता, आणि दुसऱ्याच दिवशी येणारा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन आठवतसुद्धा नाही,’ असं तुम्ही लिहिलंत. शिवाय ‘मिरचीत सारण भरायला अख्खा दिवस कशाला?’ हेही विचारलंत.

आधी मिरच्यांचं. चिलेस एन नोगादा हा मेक्सिकोतल्या पुएब्ला शहराचा पदार्थ. पोब्लानो मिरची जाळावर भाजून सोलायची, देठ शाबूत ठेवून चीर द्यायची. आत खिमा, सफरचंद, नासपती, पीच, मनुका, बदाम यांचं सारण. वरून अक्रोडाचा दाट पांढरा रस्सा, त्यावर डाळिंबाचे दाणे आणि पार्सली. हिरवा, पांढरा, लाल, म्हणजे झेंड्याचे रंग. वेळ जातो तो अक्रोडात. साल न काढता वाटले तर रस्सा कडवट लागतो आणि मळकट दिसतो. म्हणून हंगामातले ओले अक्रोड आणून, पाण्यात भिजवून, प्रत्येक गराचं पातळ साल नखाने काढायचं. खाचांमधलं साल तर निघता निघत नाही. आमची पुएब्लाची मैत्रीण प्रत्येकाची वाटी तपासत होती. एक तपकिरी ठिपका दिसला तरी वाटी परत! हे काम एकट्यादुकट्याचं नाहीच.

आणि अक्रोड सोलायच्या त्या बैठकीतच १७ सप्टेंबरचा विषय निघाला होता.

१६ सप्टेंबर १८१० च्या पहाटे डोलोरेस गावचे पाद्री मिगेल इदाल्गो यांनी चर्चची घंटा वाजवून लोकांना स्पॅनिश सत्तेविरुद्ध उठवलं. पुढच्याच वर्षी त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. स्वातंत्र्य हाती आलं ते सप्टेंबर १८२१ मध्ये. या मिरच्या त्या १८२१ च्या: स्पेनशी करार करून पुएब्लात आलेले सेनानी इतुर्बिदे यांच्यासाठी तिथल्या नन्सनी त्या पहिल्यांदा रांधल्या, असं परंपरेने सांगतात. मैत्रिणीने हे सांगितलं आणि विचारलं, ‘तुमच्याकडे कसं झालं?’

१५ ऑगस्ट १९४७ तिला माहीत होतं. मी म्हटलं, आमच्या नांदेडवर त्या दिवशी निजामाचंच राज्य होतं. तिरंगा फडकवणाऱ्यांना अटक होत होती. मग स्वामी रामानंद तीर्थांचा लढा, रझाकारांचे अत्याचार, रातोरात गाव सोडून निजामाच्या सरहद्दीपलीकडे गेलेली कुटुंबं आणि शेवटी १७ सप्टेंबर १९४८, सगळं सांगितलं. कुणाला फार समजावून द्यावं लागलं नाही. लढा सुरू झाल्याची तारीख एक आणि सुटकेची दुसरी, हे तिथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं.

लेखात हे घातलं नाही, कारण तो पाककृतीचा लेख होता. मुक्तिसंग्रामाला मिरच्यांच्या कृतीखाली दोन ओळींत बसवणं मला पटत नाही. पण दुसऱ्याचा दिवस मनापासून साजरा केला की आपला उणावतो, हेही मला मान्य नाही. १५ सप्टेंबरच्या रात्री ११ वाजता मेक्सिकोचे राष्ट्राध्यक्ष राजवाड्याच्या सज्जातून क्रांतिकारकांची नावं घेतात आणि खालून लाखो लोक ‘व्हिवा!’ (चिरायू होवो!) म्हणतात. आम्ही इथे मेक्सिकोतल्या ग्वादालाहारा शहरात टीव्हीसमोर उभे होतो. इदाल्गोंचं नाव आलं तेव्हा मीही घसा फोडून ओरडले, आणि पुढच्या वर्षीही ओरडणार आहे.

तुमचे वडील सरहद्दीवरच्या कॅम्पात होते, असं तुम्ही शेवटी ओझरतं लिहिलंय. त्यावर सविस्तर लिहाल का? कॅम्पात माणसं काय खात होती, चूल कोण सांभाळत होतं, हे मी आजवर कुठे वाचलेलं नाही. तुम्ही पाठवलंत तर १७ सप्टेंबरला तुमच्याच शब्दांत इथे छापेन.