कलमाला किती देतात?

सकाळी गळ्यात दुर्बीण घालून रत्नागिरीतल्या बागेत उभं राहणं हा संशयास्पद प्रकार आहे, हे मला काल कळलं. चीड अजून उतरलेली नाही.

जास्वंदीवर शिंजीर आला होता. बोटभर पक्षी, पिवळं पोट, आणि एक नंबरचा डांबरट. मोठ्या फुलात समोरून तोंड घालायचा कंटाळा आला की देठाजवळ बाहेरूनच चोच खुपसून मध ओढतो. परागीभवन गेलं खड्ड्यात. मी हे बघतोय तोच दुर्बिणीत एक आकडी शिरली. मग एक हात. फूल गेलं, कळ्या गेल्या, शिंजीरही गेला.

"काय मोजताय?"

हाफ पँट आणि कानटोपी. रत्नागिरीत, कानटोपी! एका हातात आकडीची काठी, दुसऱ्या हातात फुलांनी फुगलेली पिशवी. ती त्यांनी 'फुले तोडू नयेत' या पाटीच्या खांबाला अडकवली आणि मोकळ्या हाताने माझी चौकशी सुरू केली.

"मोजत नाही काका, पक्षी बघतोय."

"मग वहीत काय लिहिलंत?"

"पक्ष्याचं नाव."

"कोणाला देणार ते?"

"कोणालाच नाही."

"मग लिहिताय कशाला?"

यावर माझ्याकडे खरंच उत्तर नव्हतं. मग आडनाव, गाव, वाडी. मूळ घर कोणतं, तिथे आता कोण राहतं, सातबाऱ्यावर नावं किती, चुलत्यांशी बोलणं आहे का. 1885 साली इंग्रजांनी ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला गादीवरून काढलं आणि पुढे इथे आणून ठेवलं. 1916 मध्ये तो इथेच वारला. इतकी वर्षं तो बंगल्याबाहेर फारसा का पडला नसेल, याचा मला काल उलगडा झाला. बाहेर पडला असता तर एखाद्या काकांनी त्यालाही "कोणाचे तुम्ही?" म्हणून धरला असता.

"सर्वेवाले असेच येतात," काका म्हणाले. "आधी पक्षी बघतो म्हणतात. मग झाडावर रंगाने नंबर पडतो."

इथे मात्र मला हसू आलं नाही. महामार्गाच्या चौपदरीकरणात जुने वड, आंबे असेच गेले. पण ते पाडणाऱ्यांना कोणी वाडी विचारली का? तिथे सगळे गप्प. वही घेऊन उभा असलेला एकटा माणूस सापडला की सगळ्यांना वाचा फुटते. आणि बागेत तरी काय राहिलंय? सुरंगी, उंडी, बकुळ ही इथल्या मातीची झाडं, पण बागेत ड्युरांटा या परदेशी झुडपाचं कुंपण आणि सिमेंटचा जिराफ. राज्यफुलाचा मान असलेलं ताम्हण एका कोपऱ्यात आहे. त्याच्या बुंध्याला पेव्हर ब्लॉक इतके घट्ट आवळलेत की पावसाचं पाणी मुळाशी जायचं कुठून? जिराफाला मात्र नवा रंग आहे.

तोवर काकांनी वॉचमनला हाक मारली होती.

"दुर्बिणीला परवानगी लागते," वॉचमन म्हणाला.

"कुठे लिहिलंय?"

"लिहिलेलं नाही. लागते."

मी खांबावरच्या पिशवीकडे बोट दाखवलं. "ती देवाची आहे," दोघेही एकदम म्हणाले. माझं नाव रजिस्टरात चढलं. 'कारण' या रकान्याशी वॉचमन अडला, तेव्हा काकांनी सांगितलं, "लिही, झाडांची पाहणी." मग केबिनमधल्या गणपतीच्या तसबिरीसाठी पिशवीतून दोन जास्वंदी काढून दिल्या आणि मला जाताना उगाच शर्ट नीट करायला सांगितलं.

संध्याकाळी शेजारच्या वहिनी कुंपणापाशी आल्या. आवाज एकदम खाली.

"भावोजी, आंब्याच्या कलमाला किती देतात हो? आमची चार आहेत, दोन फळं धरणारी. आणि फणस धरतात का त्यात?"