'प्रेमस्वरूप आई' आणि फारसीचा प्राध्यापक

परवा एका घरगुती गाण्याच्या बैठकीत 'प्रेमस्वरूप आई' झालं. निवेदन करणाऱ्यांनी ओळख करून दिली ती "एक पारंपरिक रचना" अशी. मला राहवलं नाही. मध्यंतरात जाऊन कवीचं नाव सांगितलं तर म्हणाले, "अहो, माधव जूलियन म्हणजे ते गझलवाले ना?" म्हणजे नाव माहीत होतं, माणूसही माहीत होता. फक्त आईची कविता लिहिणारा आणि गझल लिहिणारा एकच, हे काही जुळत नव्हतं.

म्हणून हे लिहितेय.

आधी ती ओळ बोटांवर मोजून बघा; 'ल' म्हणजे आखूड (लघु) अक्षर, 'गा' म्हणजे लांब (गुरू). प्रेमस्वरूप आई : गा गा ल गा ल गा गा. वात्सल्यसिंधु आई : तेच. आता 'सारे जहाँ से अच्छा' घ्या, त्यातला 'से' आपण म्हणतो तसा आखूड ठेवून. गा गा ल गा ल गा गा. 'हिंदोस्ताँ हमारा', पुन्हा तेच! हवं तर एकाच्या चालीवर दुसरं म्हणून बघा, अगदी चपखल बसतं. मराठीतली सगळ्यांत घरगुती वाटणारी ही हाक फारसी-उर्दूच्या वळणावर चालते. आज गझल लिहिणारे या वृत्ताला आनंदकंद म्हणतात.

आणि पुढची ओळ : 'बोलावु तूज आता मी कोणत्या उपायी?' आपण बोलताना 'बोलावू' म्हणतो, कवितेत 'तुज' म्हणतो. इथे 'वू'चा 'वु' झालाय आणि 'तु'चा 'तू'. एकाची मात्रा काढून दुसऱ्याला दिलीय. लहानपणी आईच्या तोंडून ऐकताना हे कधी जाणवलं नाही. आता प्रत्येक वेळी त्या 'तूज'वर आवाज किंचित लांबतो तेव्हा वाटतं, हाक लांबायला हवी ती इथेच.

माधव जूलियन म्हणजे माधव त्र्यंबक पटवर्धन. जन्म १८९४, बडोद्याचा. पहिलं महायुद्ध संपलं त्या सुमारास ते पुण्यात फर्ग्युसनमध्ये फारसी शिकवू लागले, आणि दुसरं सुरू होऊन तीन महिने होत नाहीत तोच, २९ नोव्हेंबर १९३९ला, गेले. वय अवघं पंचेचाळीस. मधल्या वीस-एकवीस वर्षांत या माणसानं केलेलं काम पाहिलं की छाती दडपते. १९२३ला रविकिरण मंडळ, हा कवींचा गट. १९२५ला फार्शी-मराठी कोश. त्याच वर्षी अत्र्यांनी 'झेंडूची फुले'मध्ये रविकिरणवाल्यांची यथेच्छ टिंगल केली, आणि दुर्दैवानं आपल्याला अजून ती टिंगलच जास्त आठवते. मग 'विरहतरंग', 'सुधारक', 'गज्जलांजलि', 'तुटलेले दुवे'मधली सुनीतं, म्हणजे चौदा ओळींच्या कविता. कोल्हापूरला राजाराम कॉलेजात शिकवणं चालूच. १९३६ला जळगावच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद. आणि 'छन्दोरचना', हा वृत्तांवरचा ग्रंथ, जिच्यासाठी मुंबई विद्यापीठानं त्यांना डी. लिट्. दिली. मराठीत ती मिळवणारे ते पहिले.

सगळंच थोर आहे असं मी म्हणणार नाही. कित्येक कवितांत वृत्त जिंकतं आणि कविता हरते. त्यांच्या गझलाही बऱ्याचशा एकाच विषयाच्या सलग कविता आहेत; प्रत्येक शेरानं (दोन ओळींच्या कडव्यानं) स्वतःच्या पायावर उभं राहायचं, हे मराठीत पक्कं रुजलं ते सुरेश भटांमुळे. पण भटांना पाय ठेवायला जमीन कुणी नांगरून ठेवली होती?

मला खरं छळतं ते वेगळंच. १९३८ला याच माणसानं 'भाषाशुद्धि-विवेक' लिहिलं. मराठीतून फारसी-अरबी शब्द काढावेत, या सावरकरांच्या चळवळीच्या बाजूनं. ज्यानं आयुष्यभर फारसी शिकवली, कोश केला, गझल आणली, त्यानं! मला ही भूमिका पटत नाही. वर मी 'जमीन' लिहिलं, तो शब्द मी काढणार नाही. माझ्या आजोबांच्या सातबाऱ्यावरचा आहे तो. पण त्यांचं हे लेखन अज्ञानातून आलेलं नव्हतं, हेही तितकंच खरं. दाराबाहेर काढायच्या शब्दांची कुळं-मुळं त्यांच्याइतकी त्या काळात फार थोड्यांना ठाऊक असतील.

गझलेच्या कार्यशाळांत या पुस्तकाचं नाव कुणी काढत नाही. भाषाशुद्धीची भाषणं करणारे 'गज्जलांजलि'चं काढत नाहीत. जो तो आपल्या सोयीचा अर्धा माधवराव घेऊन जातो, आणि शाळेच्या वाट्याला उरते आई. तीही कवीच्या नावाशिवाय.

फारसी कवी उमर खय्यामचा त्यांनी १९२९ला थेट फारसीवरून अनुवाद केला. समाधान झालं नाही. १९३१ला फिट्झेराल्डच्या इंग्रजीवरून 'द्राक्षकन्या' केली. तरीही नाही. मग पुन्हा तिसऱ्यांदा बसले. ती 'मधुलहरी'. छापून आली १९४०ला.