म्हणे कासवांना लाइटची सवय होते!

काल काकांनी फॅमिली ग्रुपवर तो फॉरवर्ड टाकला. 'कासवं १० कोटी वर्षं टिकलीत, लाइटची सवय होते, नाही झाली तर दुसरा किनारा शोधतात, पिल्लं चुकली तर मोबाइलचा टॉर्च दाखवून समुद्रात न्या, पर्यावरणवाले उगाच होमस्टेवाल्यांच्या पोटावर पाय देतात.' सोडून दिलं असतं, पण काकांचा होमस्टे पुळणीला लागून आहे आणि खाली त्यांनी लिहिलंय, 'आता फोकस लावतोच.'

१० कोटी वर्षांत हॅलोजन किती वर्षं होता ते सांगा, पुढचं मग बोलू.

सवय होते म्हणे. कोणाला? वांदर शिकलेत, मान्य, सुतळी बॉम्बला आता ढुंकून बघत नाहीत, पण वांदर आज चुकला तर उद्या परत येतो. कासवाचं पिल्लू वाळूतून वर येतं ते जन्मात एकदाच, बहुतेक रात्रीचं, आणि त्याला एवढंच ठाऊक की खाली क्षितिजाशी जिकडे उजळ तिकडे पळायचं. एका बाजूला सुरू-माडांची काळी रांग, दुसरीकडे उजळ समुद्र, त्यामुळे ते कधी चुकलं नाही. आता मागून फोकस मारला की तीच अक्कल त्याला उलटं नेते. सवय व्हायला दुसरी रात्र लागते हो काका!

गेल्या मार्चमध्ये घरटी राखणाऱ्या कासवमित्रांच्या नजरेतून सुटलेलं एक घरटं फुटलं, सकाळी मी स्वतः माग बघितले. वल्ह्यांसारख्या पायांचे बारीक ठसे, गोल गोल फिरून वर एका हॉटेलच्या गडग्यापर्यंत गेलेले. चिऱ्याच्या फटीत तीन पिल्लं, डोळ्यांना मुंग्या लागलेल्या.

टॉर्चचं तर कृपा करून बोलूच नका. पाण्यात शिरलेलं पिल्लूसुद्धा मागच्या उजेडाला फसून परत किनाऱ्याकडे वळतं, आणि इथे वीस पर्यटक वीस टॉर्च घेऊन उभे.

'दुसरा किनारा' हे अर्धं खरं आहे, नाइलाजाने सांगतो. २०२१ ला ओडिशात टॅग लावलेली मादी २०२५ ला गुहागरला अंडी घालायला आली होती. पण ती लाइटला कंटाळून आली असं कोणी म्हटलेलं नाही. लाइटचं बघायचं तर विदरिंग्टन या कासव-संशोधकाचा १९९२ चा अभ्यास वाचा. फ्लोरिडा आणि कोस्टारिकाच्या किनाऱ्यांवर पांढरे मर्क्युरी दिवे लावले तर माद्या जवळपास यायच्याच बंद झाल्या, पिवळ्या सोडियम दिव्यांनी मात्र फारसा फरक पडला नाही. तिथली कासवं वेगळ्या जातींची, ठीक आहे. पण आपल्याकडची मादी टाळून जाणार कुठे, पुढच्या पुळणीवर धूपबंधारा आणि त्याच्या पुढे रिसॉर्ट?

पोटावर पाय वगैरेचं उत्तर रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला जाऊन घ्या, तिथे २००६ पासून लोक कासवं बघायलाच येतात आणि गावातल्याच घरांत पैसे देऊन राहतात.

काका, फोकस आणलाच असेल तर रस्त्याच्या बाजूला लावा. रविवारी मी येतोय, शिडी मी धरतो.