एकरी चार कोटींची आफ्रिकन महोगनी: हिशोब एकदा नीट मांडून बघू

शेतकऱ्यांच्या ग्रुपांवर गेली काही वर्षं एक मेसेज फिरतोय. आकडे गावागणिक थोडे बदलतात, साचा मात्र हाच: "आफ्रिकेच्या वर्षावनातली महोगनी. कमी पाण्यात, मुरमाड रानातही येते. कडुनिंबाच्या कुळातली, त्यामुळे कीड लागत नाही. लाकूड पाण्यात कुजत नाही, म्हणून जहाजं हिचीच. पानं कॅन्सरच्या औषधाला जातात. आफ्रिकेत तोडीला बंदी, त्यामुळे भाव वाढतच जाणार. एकरात 500 झाडं, बारा वर्षांनी प्रत्येकी 40 घनफूट, घनफुटाला 2000 रुपये. एकरी चार कोटी!" आणि खाली रोपवाटिकेचा नंबर.

यातली बरीच वाक्यं कुठल्या ना कुठल्या झाडाबद्दल खरी आहेत. गोची एवढीच, की दर वाक्याला झाड बदलतं.

पहिली दोन वाक्यं घ्या. वर्षावनातली महोगनी म्हणजे खाया आयव्होरेन्सिस. आयव्हरी कोस्ट, घाना, नायजेरिया, कॅमेरून, गॅबन हे तिचं माहेर. तिथे वर्षाला 1600 ते 2500 मिलिमीटर पाऊस पडतो आणि कोरडे महिने जेमतेम दोन-तीन. ओढ्याकाठच्या खोल, ओलसर जमिनीत ती 50-60 मीटर उंच जाते. बुंध्याला उभ्या फळ्यांसारखी मुळं, आणि त्यावर बरंच उंच जाईपर्यंत खोडाला एक फांदी नाही. मेसेजसोबतच्या फोटोत दिसते ती ही. दुष्काळ सोसणारी ती तिची बहीण, खाया सेनेगालेन्सिस. सेनेगलपासून युगांडापर्यंतच्या गवताळ, विरळ झाडीच्या पट्ट्यात ती 650 ते 1300 मिलिमीटर पावसावर भागवते. पण ती वर्षावनातली नाही आणि फोटोसारखी सरळसोट उंचही होत नाही. लवकर फांद्या फुटून पसरते. सोलापूर-जतकडे 500-600 मिलिमीटरवर तिलाही ठिबक लागेल. कोकणात पाऊस भरपूर, पण तो चार महिन्यांत उरकतो, त्यामुळे आयव्होरेन्सिसला तिथेही उन्हाळ्यात पाणी द्यावं लागणार.

रोपांच्या ट्रेमध्ये या दोघींपैकी एकही नसण्याची शक्यता असते, कारण महोगनी म्हणून आपल्याकडे सर्रास मिळते ती स्विटेनिया, म्हणजे अमेरिका खंडातली. मुंबई-पुण्याच्या रस्त्यांच्या कडेला तीच दिसते. बी मागून घ्या, लगेच उलगडा होतो. स्विटेनियाच्या बीला एकाच बाजूला लांब तपकिरी पंख असतो आणि ते गरगरत खाली येतं. खायाची बी चपटी, गोलसर चकती. तिला कडेनं पातळ झालर. फळंही वेगळी: खायाचं गोल आणि टोकाकडून उकलणारं, स्विटेनियाचं लांबट आणि देठाकडून उकलणारं.

आता कीड. कडुनिंबाचं कुळ हे खरं, मेलिएसी. पण याच कुळाच्या मागे लागलेली एक अळी आहे: हिप्सिपिला रोबस्टा, शेंडा पोखरणारी. पतंग कोवळ्या शेंड्यावर अंडी घालतो, अळी आत शिरून गाभा खात खाली सरकते, भोकाशी डिंक आणि भुसा साचतो आणि शेंडा वाळतो. झाड मरत नाही. मरतं तर बरं, निदान वेळेवर कळलं असतं. त्याऐवजी बाजूनं तीन-चार फुटवे निघतात, पुढच्या वर्षी तेही पोखरले जातात आणि सरळ खोडाऐवजी झुडूप उभं राहतं. खुद्द घानात, म्हणजे झाडाच्या घरच्या अंगणात, महोगनीच्या लागवडी या अळीनं वाया घालवल्या आहेत. जंगलात एक महोगनी इथे तर दुसरी बरीच लांब, मधे शंभर जातींची झाडं, त्यामुळे अळीला शोधत फिरावं लागतं. एका एकरात 500 महोगनी ओळीनं लावल्या की तो प्रश्नच मिटला. ही अळी आपल्याकडेही आहे. तून या कडुनिंबाच्याच कुळातल्या इमारती लाकडाच्या झाडाच्या लागवडी तिनं पूर्वीच छळल्या आहेत.

जहाजांचं थोडक्यात. महोगनी नावांच्या आणि फर्निचरच्या कामाची आहे, दिसायला देखणी आहे, पण टिकाऊपणात तिचा गाभा मध्यम. सालीलगतचं पांढरं लाकूड तर भुंगे सहज खातात. त्याच जंगलातलं पाण्यात टिकणारं लाकूड म्हणजे अझोबे. ते इतकं जड की पाण्यात बुडतं, आणि नेदरलँड्समध्ये कालव्यांच्या दारांना वापरलं जातं. मेसेजवाल्यानं त्याचा गुण हिच्या नावावर चढवलाय.

कॅन्सरच्या औषधाबद्दल काय बोलावं? पश्चिम आफ्रिकेत खायाची कडू साल तापावर वापरतात, हे खरं. तुमच्या बांधावर ट्रक लावून पानं नेणारी औषध कंपनी मात्र मेसेजमध्येच भेटते.

आफ्रिकाभर सरसकट बंदीही नाही. नोव्हेंबर 2022 मध्ये पनामात साइट्सची, म्हणजे धोक्यातल्या वन्य जातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराची, परिषद झाली. तिथे आफ्रिकेतल्या खायाचा समावेश कराराच्या परिशिष्ट दोनमध्ये झाला, आणि त्याचा अर्थ निर्यातीला परवाना लागतो, इतकाच. शिवाय बाजारात भाव मिळतो तो जुन्या झाडाच्या लाल गाभ्याला. घानात महोगनी तोडायला खोडाचा व्यास 110 सेंटीमीटर लागतो. बारा वर्षांच्या झाडात तसा गाभा भरलेलाच नसतो. निघतं ते बहुतेक फिकट, कच्चं लाकूड.

आणि चार कोटी. लाकडाच्या वखारीत गोल लाकूड मोजायची जुनी रीत सोपी आहे: घेराचा चौथा भाग, त्याचा वर्ग, गुणिले लांबी, सगळं फुटांत. 20 फूट सरळ खोडातून 40 घनफूट हवं असेल तर घेर साडेपाच फुटांच्या वर पाहिजे. बारा वर्षांत चांगली निगा राखून समजा तीन फूट घेर आणि 15 फूट सरळ खोड मिळालं. पाऊण गुणिले पाऊण गुणिले पंधरा, म्हणजे साधारण साडेआठ घनफूट. करवतीखाली गेल्यावर त्यातलंही बरंच भुसा आणि फाळके होऊन जातं. मेसेजमधले 40 कुठे आणि हे कुठे! त्यातही 500 झाडं म्हणजे प्रत्येकाला नऊ बाय दहा फूट जागा. वर डोकी एकमेकांत घुसली की घेर वाढायचा थांबतो, त्यामुळे निम्म्याहून जास्त झाडं मधेच विरळणीत काढावी लागतात. तो माल विकला जातो जळणाच्या नाहीतर बल्ल्यांच्या भावानं.

रोपवाटिकेनं बायबॅकचा, म्हणजे पुढे लाकूड आम्हीच विकत घेऊ असा, करार पुढे केला, तर त्यात झाडाचं शास्त्रीय नाव, खरेदीच्या वेळचा किमान घेर, आणि तोड-वाहतुकीचा खर्च कोणाचा, हे शोधा. नसेल तर बिलावर लिहून मागा.

हौसेनं दहा-वीस झाडं लावायला माझी काहीच ना नाही. सेनेगालेन्सिसची सावली दाट पडते. फक्त किनारपट्टीवर घराजवळ लावू नका. ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहरानं रस्तोरस्ती हीच लावली होती, आणि मार्च 2018 च्या मार्कस चक्रीवादळात ती मुळांसकट उपटून घरांवर, गाड्यांवर पडली. निसर्ग आणि तौक्ते ही वादळं पाहिलेल्या रायगड-रत्नागिरीकरांनी घरापासून झाडाच्या उंचीइतकं तरी अंतर सोडावं.